फुली

पहाटेचे साडेचार. ग्रिम्सबीची गोदी.
बर्फावर हॅडॉक मांडलेले, तोंडं एका बाजूला.
टेरेन्स ऑल्डरिज अजून रोज लिलावाला येतो,
घेत काही नाही.
बोट भंगारात जाऊन त्याला तीस वर्षं होतील.
तो कल्ले उघडून बघतो,
लाल असले की मान हलवतो.
हर्णैला माझे वडीलही अशीच हलवायचे.

मतदानाच्या आधी तो म्हणायचा,
पाणी आपलं, जाळी दुसऱ्यांची.
किती मासा धरायचा ते ठरवणार कोण,
तर ज्यानं आयुष्यात ओला दोर धरला नाही असा कोणी
ब्रसेल्सच्या खुर्चीत.
अरे, दार आपलं तर कडी आतून पाहिजे.

मला पटायचं. कडीचं तर फारच.

डाइवा सुरी न थांबवता काटा सोडवायची.
म्हणायची, तुमच्या बोटी आइसलँडनं घालवल्या,
राग काढताय बेल्जियमवर.
तुम्ही खाता तो मासा बाहेरून येतो,
तुम्ही धरता तो फ्रान्स खातो.
आतून कडी लावलीत
तर विकणार कुणाला, समुद्रपक्ष्यांना?

हेही पटायचं.
मालकीणबाई पिकरिंग म्हणायच्या,
दोघांचंही खरं, आणि ट्रक आठला सुटतो.

गंमत अशी की मत मला होतं.
येऊन तीन वर्षं, पासपोर्ट भारताचा,
पण राणीच्या जुन्या खातेवहीत आमचं नाव,
म्हणून मला.
डाइवा अकरा वर्षं इथे कर भरत होती.
तिला नव्हतं.
तिनंच मला गाडीतून चर्चच्या हॉलपर्यंत सोडलं
आणि बाहेर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली.

आत पेन्सिल सुतळीनं बांधलेली.
मला श्रीरंग आठवला, माझा धाकटा भाऊ,
दोनदा व्हिसा नाकारलेला,
बँकेचे सहा-सहा महिन्यांचे कागद जोडून.
डाइवाचा भाऊ एका पिशवीनिशी आला होता,
शुक्रवारी ठरवून सोमवारी कामावर.
कोणी तरी म्हणालं होतं, ते थांबले की तुमचे येतील.
कोण म्हणालं, आता चेहरा आठवत नाही.
वाक्य आठवतं.

इथे फुली म्हणजे होकार.
आमच्या शाळेत ती चुकलेल्या गणितावर मारायचे.
मी मारली. हात हलका होता.
बाहेर आले. तिनं काही विचारलं नाही,
बियांची पुडी पुढे केली.

आता मी वरच्या ऑफिसात.
कागद वाढले, तशी माणसं लागली; मला बढती मिळाली.
माशाचं लॅटिन नाव, वजन, बोटीचा नंबर,
डॉक्टरांचा शिक्का, तोही ठरलेल्या शाईचा.
एकदा माझा एक आकडा चुकला
आणि ट्रक पलीकडे अठरा तास उभा राहिला.
पिकरिंगबाई ओरडल्या नाहीत.
खिडकीतून गोदीकडे बघत राहिल्या,
ते जास्त लागलं.

टेरेन्स म्हणतो, आपण नीट निघालोच नाही,
एक पाय उंबऱ्यात राहिला, म्हणून असं.
असेलही.
दोष त्याच्या युक्तिवादात मला अजून सापडत नाही,
मासाही कुठे वाढलेला सापडत नाही.
श्रीरंग टोरोंटोला गेला.
इकडे यायचं आता तो बोलत नाही.

मागच्या आठवड्यात टेरेन्सनं विचारलं,
तू काय केलं होतंस गं तेव्हा?
मी म्हटलं, मतदान गुप्त असतं.
तो हसला. कल्ला बंद केला.

डाइवा क्लायपेडाला परत गेली.
जाताना तिला घाई होती, म्हणून
तिची गाडी मला स्वस्तात पडली.
चांगली चालते.
सीटच्या फटीत हात घातला
की अजून टरफलं निघतात.