तीस अक्षरं

आडगावच्या पॅकहाउसवर रात्री साडेदहाला
शीतगृहाची मोटर आणि मी, एवढेच जागे.
पडद्यावर माझा आराखडा, चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेषा,
प्रत्येक चौकोनाला पुरं नाव,
लिपी रोमन, शब्द आपले:
द्राक्ष_बाग_रसायन_अंश_तपासणी_पास.
शेजारी तसाच दुसरा, शेवटी नापास.
आराखड्याचं सॉफ्टवेअर लाघवी,
काहीही लिहा, हो म्हणतं.

डेटाबेस तसा नाही.
तो तीस अक्षरं मोजतो आणि कात्री लावतो.
तपासणीतली णी गेली, पास गेलं,
उरला नुसता तपास.
दुसऱ्याचाही तपासच उरला.
मग मलाच सांगतो,
या नावाचं टेबल आधीच आहे.

म्हणजे दिंडोरीच्या बोरस्त्यांची स्वच्छ बाग
आणि ज्या प्लॉटच्या घडांत औषध उरलंय तो,
त्याच्या लेखी एकच.

रोहिदास दराडेनं जमिनीच्या गटाचं इंग्रजी केलं, ग्रुप.
तेही नामंजूर. तो शब्द म्हणे राखीव.
सातबाऱ्यावर चालतो, इथं नाही.

हेमांगी गायधनी फोनवर हसली.
तिचे वडील रामकुंडावर यजमानांच्या वंशावळी सांभाळतात.
म्हटलं, तुमच्या चोपड्यांत बरं, नाव कुणी कापत नाही.
म्हणाली, कोण म्हणतं?
कंटाळा आला की आजोबा 'सदर' लिहून मोकळे.
निफाडच्या एका घराण्यात
तीन पिढ्या सगळे सदर.
परवा त्यांचा पणतू आला होता, पणजोबा शोधत.

रेल्वेनं तर आमच्या गावातला एच गाळलाय.
तरी गाडी बरोबर इथंच थांबते.
द्राक्षांचं तसं नसतं.
चुकीच्या यादीतला घड रॉटरडॅमपर्यंत जातो
आणि परत येतो.

बाराला चहा गार झाल्यावर
पास, नापास उचलून सगळ्यांच्या पुढे आणले.
मागे काय कापायचं ते काप.
द्राक्षाचं द्रा केलं, बागेचं बा,
कुणाला काय म्हणायचं ते कागदावर लिहून
प्रिंटरच्या वरती चिकटवलं.

खाली सही म्हणून पुरं नाव:
वासंतिका पांडुरंग खैरनार.
सवयीनं रोमन लिपीत मोजलं,
मधल्या दोन रेघा धरून अठ्ठावीस.
बसते मी.
वर दोन जागा उरतात,
'ना' लिहायला तेवढ्याच लागतात.