सहा बाय नऊ

सेतुबालच्या मासळीच्या कारखान्यात आता संग्रहालय आहे.
तिथल्या भिंतीवर मी चार मीटरचा समुद्र चिकटवला.
शिडी, फवारणी, रबरी पट्टी,
एकही बुडबुडा राहू दिला नाही.
धक्क्यावर सार्डिनच्या पेट्या, डोक्याला फडकी बांधलेल्या बाया,
एकेकीचा कान माझ्या तळहाताएवढा.
लोक येतात आणि आपोआप मागे सरतात,
मागे, अजून मागे,
पार दाराशी जाऊन म्हणतात, वा.

दोना इदालिना मात्र पुढे गेली.
इतकी, की नाक भिंतीला टेकायचं तेवढं राहिलं.
"इथे तर नुसते ठिपके आहेत.
माझी आई कुठाय?"
मी बोट दाखवलं. तिने बोटाकडेच पाहिलं.

मग पर्समधून, बसचा पास आणि गोळ्यांची पट्टी बाजूला सारून
तिने मूळ फोटो काढला.
सहा बाय नऊ सेंटिमीटर. बिस्किटासारख्या कातरी कडा,
एक कोपरा दुमडून दुमडून कापडासारखा झालेला.
स्कॅन करताना मी तो हातमोजे घालून धरला होता.
आता बघायचा तर वाकावं लागलं.
तीही वाकली. कपाळाला कपाळ लागलं,
कुणीच माफ करा म्हटलं नाही.
बोटभर आकाशाखाली नखाएवढ्या नऊ जणी,
आणि त्यातली एक, खरंच,
हसता हसता काहीतरी चघळत होती.
चार मीटरमध्ये मला ते दिसलं नव्हतं.

कडेला एक पांढरट डाग.
तो माझ्या ओळखीचा. अख्खी दुपार संगणकावर बसून
मीच तो काढला होता,
शेजारचा समुद्र उचलून तिथे भरला होता,
आणि संचालकांनी माझी पाठ थोपटली होती.

"इथे तोमे उभा होता," ती म्हणाली. "धाकटा.
मी रोज जरा हात लावायचे."
आणि चपलेत पाय जावा तसा
तिचा अंगठा त्या जागी जाऊन बसला.

मी म्हणालो, मला डाग वाटला.
"डागच आहे तो."
तिने फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने, फिकट,
वारा फार होता. आई ओरडत होती, हलू नका.
मोठ्या फोटोला मागची बाजू नसते.
त्याच्यामागे चुना, विटा,
आणि अजून न गेलेला माशांचा वास.

"बंद किती वाजता करता?"
सहाला.
"मग आहे वेळ," म्हणत ती बाकावर बसली,
भिंतीकडे पाठ करून,
ते एवढंसं मांडीवर धरून.

दिवे घालवायच्या आधी
मी समुद्रावर हात फिरवून पाहिला.
डावीकडून उजवीकडे, मग तिथे, कडेला, पुन्हा.
गुळगुळीत होता.