शेऱ्याचा रकाना

कारा-बुलुनचं धरण दुरून टेकडीच वाटतं.
साठ वर्षांत गवतानं त्याला आपल्यात घेतलंय,
मेंढ्या उतारावर चरतात
एक पाय वर, एक पाय खाली.
मी माथ्यावरून चालते, दर वीस मीटरला थांबते,
डोळा दुर्बिणीला.
मधोमध माथा एक वीत खचलाय.
मातीचं काय, वयानुसार बसतेच ती,
पण एकाच जागी बसली की विचारावं लागतं.

पाण्याकडच्या दगडी अस्तरात दोन खळगे.
सांडव्याच्या भिंतीला चीर, पोस्टकार्ड जाईल एवढी.
मार्मोटची बिळं सात. एकात हात घातला,
खांद्यापर्यंत गेला, कोरडाच परतला.
पाणी मोजायच्या आठ नळ्यांपैकी पाच बुजलेल्या,
एकीत पोरांनी टाकलेले खडे.
पायथ्याशी वाळुंजाची तीन झाडं. कोणी लावली?
"जुमाकादिरनं," सुयुम्कान-अपा म्हणाल्या, "सावलीला."
मुळं आत कुठवर गेलीत, हे झाड सांगत नाही.

मग त्यांनी वही आणली, मेणकापडात गुंडाळलेली.
नवऱ्याचं अक्षर, निळी शाई, दर सोमवारचा पाझर:
तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक चार. दोन पूर्णांक नऊ.
अकरा वर्षांपूर्वीच्या शरदात अक्षर बदललं
आणि आकडा थांबला.
तीन पूर्णांक दोन. तीन पूर्णांक दोन. पानंच्या पानं.
कुठेतरी पाणी मुरत होतं,
आणि आमच्या धंद्यात ही नुसती म्हण नसते.

अपांनी किटली खाली ठेवली.
"तो त्या शरदात गेला. मला पट्टी वाचता येत नव्हती.
जाताना म्हणाला, सोमवार कोरा ठेवू नकोस."
पगार येत राहिला, त्याच्याच नावानं.
ऑफिसातलं कोणी इथवर चढलं नाही.

वही मिटणारच होते.
शेवटच्या रकान्यात, शेरा लिहायच्या जागी,
पेन्सिलीनं, बारीक:

सगळीकडे बर्फ. तिसऱ्या झाडाखाली नाही. तिथे बेडूक.

आज पाणी दूध न घातलेल्या चहासारखं. दोन दिवसांनी निवळलं.

गाय रुतली. गेल्या वर्षी इथे रुतली नव्हती.

रात्री कान लावला. कोणी पीठ चाळतंय असं.

अकरा वर्षं. माझ्या सगळ्या उपकरणांना
जे सांगता आलं नसतं, ते तारीखवार.

आम्ही तिसऱ्या झाडापाशी गेलो.
जॅमच्या बरणीत पाणी धरलं, उन्हासमोर नेलं.
दोघी बघत उभ्या, जसं दूध उतू जायची वाट बघतात.
हळूहळू तळाशी चिमूटभर करडं काही बसलं.
धरणच होतं ते. बाहेर निघालेलं.

खाली जर्दाळूच्या बागा, निळ्या पत्र्याची शाळा,
दोरीवर कोणाच्या तरी चादरी.

संध्याकाळी पाणीवाटप बघणारा एर्केबाय आला, तावातावानं.
जुलैत झडप उघडायची? कांदा काय थुंकीवर वाढवू?
साठ वर्षांत फुटलं नाही हे धरण!
मी म्हटलं, जे जे फुटलं
तेही आदल्या रात्रीपर्यंत फुटलं नव्हतं.
तो काही बोलला नाही. बरणी उचलून हलवली,
पाणी गढूळलं, आणि ते पुन्हा निवळेपर्यंत
तो तिथेच उकिडवा बसला.
मग चाक फिरवायला तोही आला. गंजलेलं होतं.

फॉर्ममध्ये चार चौकोन: उत्तम, बरी, खराब, धोकादायक.
मी शेवटच्यावर खूण केली. निरीक्षकाच्या नावापुढे
जुमाकादिर छापलेलं होतं, ते खोडलं.

सोमवार होता.
अपांना पट्टी वाचायला शिकवली, खाचेपाशी वाकून:
ही मोठी रेघ, ही लहान.
त्यांनी तीनदा वाचलं, मग लिहिलं,
पाच पूर्णांक सहा.
माझ्याकडे पाहिलं, चुकलं का म्हणून.
नाही चुकलं.
मग पेन्सिलीला जीभ लावून शेवटच्या रकान्यात:

झडप उघडली. आवाज मोठा. मेंढ्या पळाल्या, एक सापडत नाही.