तीन सूत

एक्सल नवा टाकला
आणि घर शेपूट हलवू लागलं.

आमचं घर म्हणजे सोळा फूट पत्रा,
दोन चाकं, दोन बाकं, एक ओटा,
बोलेरोच्या मागे आकड्याला अडकवलेलं.
फंडाच्या पैशांतून केलं.
नातेवाइकांनी नावं ठेवली,
आम्ही नाव ठेवलंच नाही.

जुना एक्सल गंजून वाकला होता,
तरी मुकाट यायचं मागून.
आता पामबीचवर काटा पन्नासच्या पुढे गेला
की आधी स्टिअरिंगला बारीक कंप,
मग आरशात डावी कड दिसते, मग उजवी,
मग पुन्हा डावी, जरा जास्तच.
ब्रेक मारला नाही मी, पाय नुसता उचलला.
शेजारी यशोधर छताची मूठ धरून
नेरूळ येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.
(तीस वर्षांत हे दुसऱ्यांदा.)

कुणी म्हणालं हवा कमी आहे. भरली.
कुणी म्हणालं खाडीचा वारा. थांबलो,
वारा पडला, घर हललंच.
कळंबोलीचा एक पोरगा म्हणाला,
नवीन आहे मॅडम, बसेल आपोआप.
आपोआप बसते ती धूळ.

शेवटी तळोज्याच्या फाट्यावर पदाजी भोईर.
बाप मिठागरात राबलेला, हा ट्रेलरांखाली.
त्याने ना जॅक मागितला, ना पाना.
खिशातून गवंड्याची पिवळी दोरी काढली,
आकड्याच्या नाकापासून
एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत ताणली,
गाठ मारली,
आणि तीच गाठ घेऊन उजवीकडे गेला.

गाठ पोचली नाही.

"तीन सूत," म्हणाला.

तीन सूत म्हणजे करंगळीचं नख.
मी बत्तीस वर्षं सिडकोच्या नकाशा विभागात
खारघरचे रस्ते शाईने ओढले,
जिथे तेव्हा नुसता चिखल होता आणि बगळे.
माझी रेघ एवढी सरकती
तर कुणाचं तरी स्वयंपाकघर आज नाल्यात असतं.
आणि स्वतःचं घर मी आठ दिवस
खेकड्याच्या चालीनं ओढत होते.

पदाजी खाली सरकला. नुसते पाय दिसत होते.
"पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं
भोकात बसलंच नाय. कडेवर चढलंय.
वरून यू-बोल्ट आवळलेत मरणाचे.
आवळलं म्हंजे बसलं, असं नसतं ताई."

बाहेर आला, आकडा दोन हातांनी उचलून बघितला.
सहज उचलला गेला.
"नाकावर वजनच नाय. मागं काय जड ठेवलंय?"
मी म्हणाले, काही नाही.
आणि रस्त्यावरचे कंटेनर मोजू लागले.

यशोधरने मागचं बाक उघडलं.
गोणपाटात गुंडाळलेला काळा दगड,
वरवंट्यासकट अठ्ठावीस किलो.
"तू म्हणालीस घरीच ठेवलाय."
मी म्हणाले, हे घरच आहे.

पदाजी हसला नाही.
"एक पाटा मी बसवतो,
दुसरा तुमी हलवा. एक्सलच्या म्होरं."

तासाभराने दोरी पुन्हा ताणली.
डावीकडे गाठ. उजवीकडे गाठ.
"सूत जुळलं," म्हणाला,
आणि दोरी गुंडाळून खिशात टाकली,
आता हिचं काही काम नाही, अशी.

उरण रस्त्यावर साठ.
बाजूने कंटेनर गेला, हवेचा धक्का बसला,
घर एकदा हललं
आणि आपलं आपण जागेवर आलं.
आरशात दोन्ही कडा, सारख्याच.

यशोधरने मूठ सोडली नाही,
पण बोलायला लागला.
म्हणाला, जासईला नारळ मिळतो का बघू.
चटणीला.