पडद्यामागून

मनिराम लांजेवार दंडार लिहायचा, राजाही तोच व्हायचा.
मी पडद्यामागे, कंदिलाशी वही धरून
त्याचीच वाक्यं त्याला पुरवायचो.
फार विसरायचा.
एकदा थांबला तर थांबलाच,
अख्खी आंधळगावची मंडई विड्या विझवून बसली.

मग निवडून आला.
तो सभेत बोलायचा तेव्हा
खाली गर्दीत माझे ओठ आपोआप हलायचे.
पुढे मंत्री. पुढे कुणाला तरी नकोसा झाला,
म्हणून सर्बियात राजदूत.
“राजदूत?” सोमाजी म्हणाला,
“ते फटफटी त आपल्या घरी हाये!”

परवा पत्र आलं.
इथं दोन नद्या मिळतात, लिहितो,
पण वैनगंगा आठवत नाही, खोटं कशाला बोलू.
दिल्लीहून वाक्यं येतात टाईप होऊन,
एक शब्द इकडचा तिकडं चालत नाही.
माझं लिहिणं सुटलं.
एवढं सांग:
रात्री या बांधीतून त्या बांधीत पाणी उतरतं,
त्या आवाजाला आपण काय म्हणतो?

शब्द मला ठाऊक आहे.
पाकीट, तिकिटं तुमसरहून आणून ठेवलीत.
पण थांबलोय जरा.
पुरवण्याआधी थांबायचं असतं,
नटाला स्वतःहून
आठवलं तर.