अर्धा इंच

बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात
गंजक्या कुलपांशेजारी मिळाला
ब्लाउजचा फर्मा, खाकी कागदाचा, दहा रुपयांना.
वर पेन्सिलीने: कु. सुलभा दिघे,
दांडिया बाजार, १९६३.
छाती बत्तीस. बाही कोपरापर्यंत.
आणि कडेला, बारीक अक्षरात,
डावा खांदा अर्धा इंच उतरता.

माझे खांदे सरळ आहेत.
तरी कातर तिच्याच रेघेवरून गेली.
शिवणीत बोटभर माया ठेवली,
न जाणो कुणाला घट्ट होईल.

ब्लाउज डावीकडे ओढतो.
दोनदा उसवायला बसले,
दोन्ही वेळा
चहा करायला उठले.

काल सूरसागराच्या कडेने येताना
भाजीवाल्या मंजुबेननी हटकलं,
कां बेन, वांकां केम चालो छो?

म्हटलं, नवा ब्लाउज आहे,
अजून सवय नाही.