किती वाढपी

बॉस्टन, म्हणजे लिंकनशरमधलं, अमेरिकेतलं नव्हे,
हे फोनवर आईला तीनदा सांगून झालंय.
जूनच्या शेवटी इथे वाटाणा रात्रीही काढतात,
शेत सोडल्यापासून अडीच तासांत
तो गोठलेला असावा लागतो.
पट्टा कुणासाठी थांबत नाही.

थर्लबीने टेबलावर दोन गोळे ठेवले.
दोन्ही हिरवे, दोन्ही तेवढेच.
"यातला वाटाणा कुठला?"
डावा. उजवी कामोणी होती.
बांधावरची, पिकून काळी झालेली, मी फ्रॉकच्या ओच्यात भरून खाल्लीय;
हिरवी तोडली तेव्हा आत्याने हातावर चापट मारून थुंकायला लावली होती.
इथे ती पिकायच्या आतच
वाटाण्यासोबत ट्रॉलीत येऊन पडते.

जुन्या यंत्रात एकच मायक्रोकंट्रोलर होता,
तीन पौंडांचा, सरळमार्गी.
बारा हवेच्या नळ्या सांभाळायचा:
बघ, ठरव, फुंक. बघ, ठरव, फुंक.
पंगतीला एकटाच वाढपी,
पण पानं बाराच,
वरण निवायच्या आत फेरी पुरी व्हायची.

आता पट्टा दुप्पट वेगाचा, नळ्या एकशे अठ्ठावीस.
इमोजेन म्हणाली, त्याच जातीची, अजून चपळ चिप घेऊ.
घेतली. मंगळवारी बसवली.
सरासरी सुरेख आली.
पण सरासरी कोणी खात नाही,
माणूस खातो तो एकच दाणा, त्याच्या ताटातला.
मध्येच कुणी तापमान विचारलं
की शंभराव्या पानाशी वाढपी दोन मिलिसेकंद उशिरा पोचायचा,
आणि दोन मिलिसेकंद म्हणजे या पट्ट्यावर
बरोबर एक वाटाणा.
फुंकर बसायची शेजारच्या निरपराध्याला.
कामोणी पुढे.

पट्ट्याच्या टोकाला यादविगा उभी असते, अकरा वर्षं.
तिने ती चिमटीत उचलली
आणि काही न बोलता माझ्या वहीवर ठेवली.

तेव्हा मी एफपीजीए म्हटलं.
तिच्यात प्रोग्राम चालत नाही,
ती स्वतःच त्या कामाच्या आकाराची होते.
प्रत्येक पानामागे एक वाढपी,
धावायचं कुणीच नाही.
थर्लबीने किंमत विचारली. सांगितली.
खिडकीबाहेर स्टम्पच्या मनोऱ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.
तापते, हेही सांगितलं.
वीज गेली की स्वतःला विसरते,
आली की शेजारच्या मेमरीतून पुन्हा शिकते.
एक तार इकडची तिकडे करायची तर पाऊण तास थांबा,
आणि पाऊण तासाने कळतं, जमलं नाही.
"आणि तू गेल्यावर दुरुस्त कोण करणार?"
याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, अजून नाही.

शेवटी नळ्या तिच्याकडे दिल्या.
पडदा, तापमान, पाळीचे तास
त्या तीन पौंडवाल्याकडेच ठेवले.
त्याला काढायचं काही कारणही नव्हतं.

इमोजेनला मग जिकडे तिकडे तीच दिसू लागली.
शेतात रोवायच्या ओलाव्याच्या काठीतसुद्धा,
जी दोन पेन्सिल सेलवर वर्षभर जगायला हवी.
अगं, दहा मिनिटांतून एकदा मातीला
ओली आहेस का, एवढंच विचारायचंय.
एका जेवणाऱ्यासाठी
कंबर कसून एवढी माणसं कशाला उभी करायची?
ती रागावली. दुपारी बिस्किटं घेऊन आली.

पहिल्या रात्री यादविगाच्या हाताशी काहीच आलं नाही.
हात पट्ट्यावर तसाच, अधांतरी.
हा खर्च माझ्या तक्त्यात नव्हता.

आता तिचं काम असं:
रोज रात्री मोजून दहा कामोण्या
वरच्या टोकाला मुद्दाम सोडायच्या
आणि खाली टाकाऊच्या डब्यात मोजायच्या.
काल नऊ निघाल्या.
थर्लबीने माझ्याकडे पाहिलं, मी चिपकडे,
आणि यादविगा
स्वतःच्या खिशाकडे अजिबात पाहत नव्हती.